‘मायनर ड्रायव्हर इश्यू’

इंजिनिअरिंगचे प्रवेश सुरू झाले की माझा फोन वाजायला लागतो. एका कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत बावीस वर्षं काढली, त्यामुळे नातेवाईक, शेजारी आणि शेजाऱ्यांचे नातेवाईक यांना वाटतं की लॅपटॉप घेण्याआधी मला एकदा विचारलेलं बरं. विचारतात, आणि मग बहुतेक जण आधी ठरवलेलाच घेतात. यंदा भाच्याचा फोन आला तेव्हा तो तर विचारतही नव्हता, सांगत होता. ‘‘मामा, डील सापडलीय. आरटीएक्स ३०६०, सोळा जीबी रॅम, अडतीस हजार. फक्त मायनर ड्रायव्हर इश्यू आहे. तो काय, तू टाकून देशील.’’

‘गाडी एकदम मस्त, फक्त सर्व्हिसिंग बाकी’ या जातीचं हे वाक्य आहे. जुन्या लॅपटॉपच्या जाहिरातींत ते वारंवार दिसतं, आणि वाचणारा ते अगदी भाच्यासारखंच वाचतो: ड्रायव्हर म्हणजे सॉफ्टवेअर, सॉफ्टवेअर म्हणजे फुकट, म्हणजे आपल्याला लॉटरी लागली. पण जरा हिशेब करून बघा. ड्रायव्हर कंपनीच्या साइटवर सगळ्यांना फुकट मिळतो, आणि टाकायला फार तर अर्धा-पाऊण तास लागतो. दुखणं तेवढंच असतं, तर विकणाऱ्याने एक संध्याकाळ खर्च करून दहा हजार जास्त घेतले नसते का? त्याने ते केलं नाही, म्हणजे एकतर त्याला जमलं नाही, किंवा करून बघितल्यावर काय होतं ते त्याला ठाऊक आहे.

तिसरीही एक शक्यता असते. ती क्वचित खरी ठरते, पण ठरते तेव्हा खरोखर लॉटरी लागते. तिच्याकडे नंतर येतो.

आधी हा ड्रायव्हर नावाचा प्राणी. विंडोज आणि ग्राफिक्स कार्ड यांची भाषा वेगळी. गेम विंडोजला सांगतो की इथे पाऊस दाखव, तिथे स्फोट दाखव. ते कार्डाला समजेल अशा बोलीत उतरवून देणारा दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. दुभाषा चुकला तर कार्ड मठ्ठ दिसतं. उलट कार्डाचीच वाचा गेली असेल, तर दुभाषाही गप्प उभा राहतो. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही वेळी एकच दृश्य दिसतं: काळा पडदा.

त्यात विंडोजचा निरोपही घोळ घालतो. व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, विंडोजमध्ये एक व्यवस्था आहे. कार्डाला काम दिलं की ती साधारण दोन सेकंद वाट बघते. तेवढ्यात कार्ड हललं नाही तर ती ड्रायव्हर पाडून पुन्हा उभा करते आणि नोंद ठेवते, की डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं होतं, आता तो पुन्हा सुरू झाला आहे. नोंदीत नाव ड्रायव्हरचं. कार्ड का हललं नाही, याबद्दल एक अक्षर नाही. चिपचा टाका सुटला असेल, रॅम खराब असेल, चार्जर कमी ताकदीचा असेल, धूळ साचून पंखा अडला असेल, तरी निरोप तोच. लोक तो वाचतात आणि ‘ड्रायव्हरचा प्रॉब्लेम’ म्हणतात. विकणारा प्रत्येक वेळी खोटंच बोलत असतो असं नाही. पडद्यावर जे वाचलं तेच तो जाहिरातीत लिहितो.

तर आम्ही बघायला गेलो. सिंहगड रोडवरचा फ्लॅट, आयटीत काम करणारा पंचविशीतला मुलगा, बोलायला गोड. टेबलावर लॅपटॉप, खाली पंख्याचा स्टँड. पडदा लखलखीत, कीबोर्डच्या दिव्यांचे रंग बदलतायत. भाचा तिथेच विरघळला. मी स्टार्टच्या खुणेवर उजवं बटण दाबून डिव्हाइस मॅनेजर उघडला. ‘डिस्प्ले अ‍ॅडाप्टर्स’खाली एकच नाव, इंटेलचं. एनव्हिडियाचं नाव नाही. खाली ‘अदर डिव्हाइसेस’मध्ये ‘थ्रीडी व्हिडिओ कंट्रोलर’ अशी अनोळखी ओळ आणि तिच्यावर पिवळा त्रिकोण. ‘‘हेच काका,’’ तो मुलगा म्हणाला, ‘‘ड्रायव्हर नाहीये फक्त.’’

मी विचारलं, ‘‘मग टाकला का नाहीत?’’

‘‘वेळच मिळाला नाही.’’

विंडोज कधी टाकली ती तारीख बघितली. परवाची. ज्याला परवा सबंध विंडोज नव्याने टाकायला वेळ मिळाला, त्याला ड्रायव्हर टाकायला मिळाला नाही! तारीख बघायला काही लागत नाही. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत ‘सिस्टिमइन्फो’ असं इंग्रजीत टाइप केलं की मूळ इन्स्टॉलची तारीख समोर येते. ही सवय लावून घ्या. विंडोजमध्ये ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ नावाची एक वही असते. कुठल्या दिवशी काय कोसळलं ते त्यात लाल फुल्यांनी दिसतं. जुन्या लॅपटॉपची ती खरी पत्रिका. विंडोज नव्याने टाकली की वही कोरी होते. विकताना स्वतःची माहिती पुसण्यासाठी नवी विंडोज टाकणं हा शहाणपणाच आहे, त्यात गैर काही नाही. पण मग त्या कोऱ्या वहीवर किमान तासाभराचा मजकूर तुमच्यासमोर लिहिला गेला पाहिजे, एवढा हट्ट धरायचा.

आम्ही तो धरला. फोनचा हॉटस्पॉट लावला, लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलचा ड्रायव्हर उतरवला. पाऊण जीबीच्या आसपासची फाइल असते ती, डेटा शिल्लक ठेवून जा. टाकताना पडदा दोनदा मिटला-उघडला, आणि यादीत ‘जीफोर्स आरटीएक्स ३०६० लॅपटॉप जीपीयू’ असं ठळक नाव आलं. भाच्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच खलनायक. मग ‘हेवन’ नावाची फुकट मिळणारी चाचणी लावली. हवेत तरंगणारं गाव आणि दगडी ड्रॅगन पडद्यावर फिरत राहतात आणि कार्डाला घाम फुटतो. दुसऱ्या खिडकीत तापमान. साठ, अडुसष्ट, चौऱ्याहत्तर. सातव्या मिनिटाला चित्र थिजलं, आवाज अडकलेल्या कॅसेटसारखा घरघरला, आणि मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झालं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या नावावर पुन्हा पिवळा त्रिकोण. आत लिहिलेलं: या उपकरणाने अडचणी कळवल्यामुळे विंडोजने ते थांबवलं आहे, कोड ४३.

‘‘सकाळी असं होत नव्हतं काका,’’ मुलगा म्हणाला. मला वाटतं तो खरंच बोलत होता. सकाळी चिप थंड होती.

कुणी मला विचारलं की ड्रायव्हर बिघडलाय की चिप, हे घरबसल्या कसं ओळखायचं, तर मी हेच सांगतो. ड्रायव्हरचा दोष हट्टी असतो. ठरावीक गेम, ठरावीक जागा, ठरावीक सेटिंग. मशीन थंड असो की गरम, तिथेच पडणार. शिवाय तोच ड्रायव्हर वापरणारे जगभरातले लोक तीच तक्रार करत असतात, कारण दुभाषा सगळ्यांचा एकच. चिपचा दोष लहरी असतो. सकाळी चालतं, दुपारी पडतं. गेममध्ये पडतं, मग साध्या व्हिडिओत पडतं, मग नुसतं चालू करताना पडतं. दर महिन्याला थोडं वाढतं. पडद्यावर रंगीत ठिपके किंवा चौकटी येत असतील, तर त्या विंडोज सुरू होण्याआधी, कंपनीच्या लोगोवरही येतात का बघा. तेव्हा ड्रायव्हर अजून जागाही झालेला नसतो, त्यामुळे त्याच्यावर आळ घेता येत नाही. फक्त एक सावधानी: लॅपटॉपचा स्वतःचा पडदा बहुधा प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सवर चालतो, म्हणून ठिपके पडद्याच्या वायरचेही असू शकतात. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपांत एचडीएमआयचं तोंड थेट मोठ्या कार्डाला जोडलेलं असतं. तिथे टीव्ही लावून बघितलं की कोण दोषी ते बरंचसं कळतं.

चिपचे टाके सुटतात ही काही रिपेअरवाल्यांनी पसरवलेली भीती नाही. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने स्वतः गुंतवणूकदारांना कळवलं होतं, की लॅपटॉपमधल्या काही चिपा चिप आणि तिची बैठक यांच्या साहित्यातल्या कमकुवतपणामुळे निकामी होतायत आणि त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढून ठेवावे लागतील. गरम-थंड, गरम-थंड होऊन आतले बारीक सांधे तडकत होते. त्या वेळी लॅपटॉप कंपन्यांनी काय केलं? काहींनी बायोसचा अपडेट काढला, पंखा जास्त वेळ फिरवणारा. म्हणजे दुखणं धातूचं आणि मलम सॉफ्टवेअरचं. अ‍ॅपललाही २०११ च्या मॅकबुक प्रोंसाठी २०१५ मध्ये मोफत दुरुस्तीची योजना काढावी लागली, तिथे एएमडीची चिप होती. नाव कुठलंही असो, पातळ डब्यात गरम चिप कोंबली की हा धोका आलाच.

लॅपटॉपमध्ये ही चिप मदरबोर्डला डकवलेली असते. डेस्कटॉपसारखं कार्ड उपसून दुसरं बसवता येत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यातल्या कुठल्याही गल्लीत ‘चिप लेव्हल रिपेअर’ची पाटी लावून बसलेले कारागीर आहेत, त्यांतले काही फार हुशार आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण हीट गनने चिप तापवून ‘चालू करून देणं’ आणि ती काढून नवी बसवणं यांत जमीन-अस्मानाचा फरक. तापवलेली चिप काही आठवडे, कधी काही महिने चालते आणि पुन्हा झोपते. त्या मधल्या आठवड्यांतच ती जाहिरातीत येते. म्हणून ‘दुरुस्त केलाय’ असं कुणी म्हणालं, तर चिप बदलली की तापवली, आणि बिल आहे का, हे दोन प्रश्न. आणि ‘ड्रायव्हर इश्यू’वाला लॅपटॉप घ्यायचाच असेल, तर त्याच मॉडेलच्या मदरबोर्डची किंमत अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करून आधी विचारा. तो आकडा अडतीस हजारांत मिळवा. मग ती डील राहते का बघा.

आरटीएक्स ३०६० चे लॅपटॉप २०२१ च्या सुरुवातीला आले. त्या वर्षी कार्डांवर आभासी चलन खणण्याचं वेड जोरात होतं, लोकांनी लॅपटॉपसुद्धा रात्रंदिवस त्याला जुंपले. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि तो धंदा संपला. त्या काळातलं मशीन घेताना ते कुणी कसं तापवलंय हे कळायला मार्ग नाही, एवढं लक्षात असू द्या.

आता ती तिसरी शक्यता. ड्रायव्हरचे खरे घोळ असतात, मोठमोठे असतात. व्हिस्टाच्या वेळी अमेरिकेतल्या एका खटल्यात मायक्रोसॉफ्टची आतली कागदपत्रं उघड झाली, त्यांत २००७ मधल्या नोंदवलेल्या क्रॅशांपैकी जवळपास २९ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरच्या नावावर होते. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाला १९६.७५ हा ड्रायव्हर मागे घ्यावा लागला, कारण तो पंख्याचा वेग नीट सांभाळत नव्हता आणि कार्ड तापत होती. अगदी अलीकडे, २०२५ च्या सुरुवातीला ५० मालिकेची कार्ड आली तेव्हा पडदा काळा पडण्याच्या तक्रारींचा पूर आला. कंपनीने एकामागून एक तातडीच्या दुरुस्त्या काढल्या आणि एप्रिलमधल्या ५७६.०२ मध्ये दोषनिवारणाची लांबलचक यादी दिली. त्या तीन महिन्यांत ज्याने वैतागून नवं मशीन कमी भावात विकलं, त्याच्याकडून घेणाऱ्याचं भलं झालं.

लॅपटॉपमध्ये यावर आणखी एक थर असतो. आत दोन ग्राफिक्स असतात: प्रोसेसरमधलं छोटं आणि वेगळं मोठं. घरात स्कूटर आणि टेम्पो दोन्ही असावेत तसं. भाजीला स्कूटर, सामान हलवायला टेम्पो. कधी कुठली किल्ली फिरवायची हे ठरवणारी व्यवस्था एनव्हिडियाने २०१० मध्ये ऑप्टिमस नावाने आणली. बॅटरी वाचते हे खरं, पण निम्मे घोळ याच अदलाबदलीत होतात. गेम अडखळतोय, म्हणून लोक ड्रायव्हर पाच वेळा काढतात-घालतात, आणि गेम बिचारा स्कूटरवर टेम्पोचं सामान वाहत असतो. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ग्राफिक्स या सदरात जाऊन त्या गेमला ‘हाय परफॉर्मन्स’ दिलं की खेळ संपला. काही लॅपटॉपांत कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘इको’सारखा मोड असतो, तो मोठं कार्ड पूर्ण बंदच करतो. ते डिव्हाइस मॅनेजरमधूनच गायब होतं आणि मालकाला वाटतं कार्ड गेलं. माझ्या ओळखीतल्या एका काकूंनी मुलाचा असाच ‘कार्ड गेलेला’ लॅपटॉप भंगाराच्या भावात काढायला ठेवला होता. एक बटण सरकवलं, चालू झाला. अजून चालतोय.

चार्जरचंही तेच. गेमिंग लॅपटॉपला १८०, २३० वॉटचा जाडजूड विटेसारखा चार्जर लागतो. मूळचा हरवला म्हणून कुणी ६५ वॉटचा सी-टाइप लावून ठेवलेला असतो. मशीन चालतं, पण कार्ड मान टाकतं, आणि नाव पुन्हा ड्रायव्हरचं. दुकानदाराने टाकून दिलेली चोरीची, कापून हलकी केलेली विंडोज हा आणखी एक नेहमीचा उपद्रव. तिच्यात ड्रायव्हरला लागणारे भागच काढून टाकलेले असतात. विद्यार्थी लिनक्स टाकतात तेव्हा सिक्युअर बूट चालू राहिला तर सही नसलेला एनव्हिडियाचा भाग उघडतच नाही, पडदा रटाळ होतो, आणि होस्टेलमधला एखादा जाणकार ‘कार्ड उडालं’ असं जाहीर करतो.

मग यांतलं कुठलं दुखणं आहे हे विकत घेण्याआधी कसं कळणार? त्याचं उत्तर वर दिलंय: ड्रायव्हर तुमच्यासमोर टाकायला लावायचा आणि अर्धा तास मशीन तापवायचं. लॉटरी खरी असेल तर ती अर्धा तास टिकेल. टिकली, तापमान ऐंशी-पंचाऐंशीच्या आसपास स्थिरावलं, पुन्हा चालू करूनही कार्डाचं नाव स्वच्छ दिसलं, चार्जर मूळचा निघाला, तर बिनदिक्कत घ्या आणि मनातल्या मनात हसा. विकणारा म्हणाला, ‘‘आत्ता नेट नाहीये’’, ‘‘दुसरं गिऱ्हाईक येतंय’’, ‘‘टोकन देऊन ठेवा, मग बघू’’, तर उठायचं. चहा घेतला असला तरी उठायचं. आपल्याकडे चहा घेतला की नाही म्हणायला जड जातं, हा या बाजारातला सगळ्यात महाग चहा.

जुन्यात आणखी एक गोष्ट बघायची, ती म्हणजे कार्डाचं वय. ३१ जुलै २०२५ रोजी एनव्हिडियाने जाहीर केलं, की मॅक्सवेल आणि पास्कल पिढ्यांसाठी नव्या गेमांना धरून निघणारे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर येणार नाहीत; त्यापुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत तीन-तीन महिन्यांनी फक्त सुरक्षेपुरत्या दुरुस्त्या. जीटीएक्स १०५०, १०५० टीआय, १०६०, १०७० हे सगळे पास्कल. ९५०एम, ९६०एम मॅक्सवेल. बाजारात हे ढिगाने आहेत. अशा लॅपटॉपवर पुढच्या वर्षीचा गेम पडला, तर तो ‘ड्रायव्हर इश्यू’ कुणीच सोडवणार नाही. जीटीएक्स १६५० त्यापुढच्या टुरिंग पिढीची, तिला हा निर्णय लागू नाही. दोघांत दोन-तीन हजारांचा फरक असेल तर तो खुशाल द्या.

नवा घेणाऱ्यांना मात्र माझा सल्ला उलटा आहे. जुना घेताना जेवढा वेळ लागेल तेवढा घ्या. नव्यात बिघाड दिसला तर वेळ अजिबात घालवू नका. मुलं इथेच फसतात. नवा लॅपटॉप तिसऱ्या दिवशी काळा पडतो. मुलगा हुशार असतो, व्हिडिओ बघतो, रेजिस्ट्रीत हात घालतो, बायोस बदलतो, रात्री जागतो. दहा दिवसांनी हार मानतो, तोवर परतीची मुदत गेलेली असते आणि मग सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या. असं करू नका. एक दिवस द्या, एकच. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून त्या मॉडेलचा ड्रायव्हर आणि बायोसचा अपडेट, चार्जर लावून. तरी नाही जमलं तर सेफ मोडमध्ये, नेट बंद करून, ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ या फुकट साधनाने जुना ड्रायव्हर मुळासकट काढा आणि एनव्हिडियाचा थेट घाला. नेट बंद करायचं ते विंडोज मध्येच स्वतःचा जुना ड्रायव्हर सारून मोकळी होते म्हणून. याउपर पडलं, तर तक्रार नोंदवायची, तक्रार क्रमांक घ्यायचा आणि मशीन बदलून मागायचं. फोनवरचा माणूस म्हणेल, ‘‘सर, सॉफ्टवेअर इश्यू आहे, विंडोज फॉरमॅट करा.’’ करा, पण त्याला हे लेखी पाठवायला सांगून करा. पेटी उघडतानाचा व्हिडिओ आणि पडदा पडतानाचा व्हिडिओ, दोन्ही जपून ठेवा. परतीची मुदत ऑर्डर देण्याआधी वाचा. लॅपटॉपवर ती फार थोड्या दिवसांची असते आणि बऱ्याच ठिकाणी पैसे परत नाहीत, फक्त बदली.

दुकानदार आणि कंपनी दोघंही टोलवत राहिले तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. अर्ज ऑनलाइन भरता येतो. पण हे सगळं बिल घेऊन दुकानातून किंवा साइटवरून घेतलेल्या मालाचं. एका माणसाने आपला वापरलेला लॅपटॉप दुसऱ्याला विकला, तर हा रस्ता नाही असं धरूनच चाला. तिथे ‘ड्रायव्हर इश्यू’ हे जाहिरातीतलं वाक्य विकणाऱ्याचंच चिलखत होतं: मी तर आधीच सांगितलं होतं!

आईवडिलांसाठी थोडं वेगळं. मुलगा किंवा मुलगी ‘कॉलेजला लागतो’ म्हणून गेमिंग लॅपटॉप मागत असेल तर शाखा विचारा. पहिल्या वर्षी सी किंवा पायथन शिकायला मोठं कार्ड लागत नाही. मेकॅनिकल किंवा आर्किटेक्चरला लागतं, तेही दुसऱ्या वर्षापासून. आणि एक गंमत: सॉलिडवर्क्ससारख्या सॉफ्टवेअरच्या प्रमाणित यादीत जीफोर्स नसतेच, व्यावसायिक कार्ड असतात. शिकण्यापुरतं जीफोर्सवर चालतं, तक्रार नाही. पण ‘अभ्यासासाठी गेमिंगच पाहिजे’ यातला अभ्यासाचा वाटा किती हे ज्याचं त्याने ओळखावं. खेळायचं असेल तर तसं सांगून घ्यावं. खेळणं काही गुन्हा नाही. मीही खेळतो.

नवीन घ्यायचं ठरलं तर अगदी ताज्या पिढीचं कार्ड पहिल्या दोन-तीन महिन्यांत घेऊ नका, घोळ निस्तरू द्या. आणि नावाला भुलू नका. आरटीएक्स ४०६० लॅपटॉपमध्ये ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कुठल्याही ताकदीची असू शकते, स्टिकर तोच. कमी वॉटचं कार्ड मंद चालतं, मग मालक ड्रायव्हरला शिव्या देतो. वॉटचा आकडा कंपनीच्या साइटवर बारीक अक्षरांत असतो, तेवढी अक्षरं वाचा.

भाचा परतीच्या वाटेवर राजाराम पुलापर्यंत बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘मामा, तू सात मिनिटं आधीच थांबवला असतास तर मी घेतला असता.’’ शेवटी त्याने वडिलांकडून थोडे जास्त पैसे घेऊन, वर्षभराची वॉरंटी शिल्लक असलेला, मूळ बिलाचा, ३०५० चा लॅपटॉप घेतला. तोही अर्धा तास तापवून. त्याने स्वतः तापवला, मी नुसता बसलो होतो.

सिंहगड रोडवाली जाहिरात मी परवा पुन्हा बघितली. अजून आहे. किंमत आता ३३ हजार, आणि ‘मायनर ड्रायव्हर इश्यू’ हे शब्द जसेच्या तसे. अशी एखादी तुमच्या नजरेस पडली, तर निघण्याआधी फोन करून एवढंच विचारा: मी आल्यावर ड्रायव्हर टाकून अर्धा तास चालवून दाखवाल का?